कठड्याला अर्थ हवा

पायऱ्या चारच होत्या. चार पायऱ्या माणसाचं काही वाकडं करू शकत नाहीत, असं सर तीस वर्षं मानत आले होते. मग वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी नव्या गुडघ्यासोबत सूचनांचा एक कागद दिला, आणि त्यात चौथ्या ओळीवर लिहिलं होतं, ‘पायऱ्या चढताना भक्कम कठड्याचा आधार घ्यावा.’

सरांना आधी आनंद झाला. डॉक्टरसारखा माणूस रेलिंग न म्हणता कठडा म्हणतो, म्हणजे भाषेला अजून चांगले दिवस आहेत. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे कठडा नाही.

अगदीच नव्हता असंही नाही. ऑपरेशन ठरलं तेव्हाच गवंड्याने पायऱ्यांच्या कडेला चार उभे पाइप सिमेंटमध्ये रोवून दिले होते. त्यांच्या डोक्यावरून एक लांब तिरका पाइप जोडला की झाला कठडा. चार जोड. पण ते चार जोड मारणारा येईना, आणि ते चार पाइप वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे दोन महिने नुसते उभे होते.

सोमवारी वहिनींचा इस्पितळातून फोन आला.

“अहो, शनिवारी अकराला सोडतायत. रेलिंग झालं असेल तर घरी येते. नसेल तर ताईकडे जाते. त्यांच्याकडे लिफ्ट आहे.”

“किती दिवस?”

“सहा आठवडे म्हणतायत.”

सरांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. साडूंकडे लिफ्ट आहे हे त्यांना माहीत होतं. साडूंच्या लिफ्टबद्दल माहीत नसलेला माणूस नात्यात शिल्लकच नव्हता. ते पाहुण्याला आधी लिफ्टमधून दोनदा वरखाली फिरवत आणि मग घर दाखवत. सहा आठवडे! तीन दिवसांतच सरांची अवस्था बिकट झाली होती. स्वयंपाकाचं एक वेळ निभत होतं. जमत नव्हतं ते वेगळंच. तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला घरात कुणाचीही चूक काढता येत नव्हती. वहिनी ‘माझी मदत करा’ म्हणायच्या, सर ‘मला मदत करा’ म्हणायचे, वहिनी ‘करा मग’ म्हणायच्या, आणि दिवस सुरू व्हायचा. आता दिवस सुरूच होत नव्हता.

यावर तुम्ही विचाराल की कोपऱ्यावर वेल्डरचं दुकान असताना अडलं कुठे? अडलं बोर्डावर. वेल्डर सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने हौसेने नवा बोर्ड लावला होता: ‘येथे सर्व प्रकारचे गेट, ग्रिल, जाळ्या बनवून मिळेल.’ सर कठड्याचं सांगायला गेले, बोर्ड वाचला, आणि खिशातलं लाल मार्कर कधी हातात आलं ते त्यांनाच कळलं नाही. ‘मिळेल’भोवती गोल करून त्यांनी वर ‘मिळतील’ लिहिलं आणि समासात अर्धा गुण कापला. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही हसली. त्या दिवसापासून कठड्याचं काम ‘उद्या’ होतं. सर कारण विचारत नव्हते आणि वेल्डर सांगत नव्हता. दोघेही स्वाभिमानी.

“मी स्वतः करीन,” असं सर सोमवारी दुपारी रिकाम्या घराला म्हणाले.

ते अगदीच हवेत नव्हतं. परसदारी भाच्याचं मशीन पडलं होतं. भाचा बांधकामाची कंत्राटं घ्यायचा. ती बंद करून दूर नोकरीला लागला तेव्हा मशीन मामाकडे टाकून गेला. इंजिनावर चालणारं वेल्डिंग मशीन. पेट्रोल घाला, दोरी ओढा, त्यातून वेल्डिंगही होतं आणि घरातले दिवेही लागतात. “पोर्टेबल आहे, मामा, कुठेही राहील,” असं तो म्हणाला होता. ते उतरवायला चार माणसं लागली तेव्हा सरांना पोर्टेबल या शब्दाचा अर्थ कळला: चौघांना उचलता येईल असं.

सरांनी भाच्याला फोन लावला. तो कुठल्याशा गोंगाटात उभा होता.

“मामा, मशीन ठणठणीत आहे. फक्त वरचं सामान नाहीये, ते घ्यावं लागेल. लिहून घ्या. लीड. होल्डर. रॉड. हातमोजे. हेल्मेट. अर्थ.”

सरांनी सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं. ‘अर्थ’ लिहून त्यापुढे अपूर्णविराम दिला आणि म्हणाले, “हं, सांग.”

“काय सांग?”

“अर्थ.”

“हो, अर्थ. झालं, एवढंच. ठेवतो, साहेब आलेत.”

फोन बंद झाला. सरांनी मान हलवली. ही पिढीच घाईची. शब्दांची यादी द्यायची आणि अर्थ सांगायच्या वेळी फोन ठेवायचा. मग त्यांनी शब्दकोश काढला आणि प्रत्येक शब्दासमोर अर्थ स्वतःच लिहिला. होल्डरपुढे ‘धारक’ लिहिलं. लीडपुढे बराच वेळ थांबून ‘आघाडी’ लिहिलं आणि प्रश्नचिन्ह काढलं.

यादी हातात घेऊन ते फाटकाबाहेर पडतात तोच शेजारचे मीटरसाहेब आडवे आले. आयुष्यभर लोकांच्या घरचे वीजमीटर वाचलेला माणूस; अजूनही कुणाच्या घरात शिरला की आधी दाराच्या वर बघतो.

“मशीन घेताय, सर?”

“मशीन आहे. त्याचं सामान घेतोय.”

“तेच महाग पडतं. मशीन म्हणजे नवरा मुलगा हो. खरा त्रास बरोबरच्या माणसांचा.” मीटरसाहेबांनी यादी वाचली. “यात ट्रॉली कुठाय? मागच्या दारचं मशीन पुढच्या पायऱ्यांपर्यंत काय चालत येणार? आणि तुमचा प्लग त्या मशीनच्या सॉकेटात बसणार नाही. तो वेगळा घ्या. वीज गेली की तुमचं आमचं दोघांचंही भागेल.”

‘तुमचं आमचं’ हे सरांनी ऐकलं, पण ट्रॉलीचा मुद्दा बिनतोड होता. त्यांनी दोन्ही लिहिलं. तेवढ्यात समोरच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, “सर, त्याला कव्हर पण आणा हं! तुमचं पिवळं मशीन पुढे आलं की तो रंग मला सकाळी उठल्याउठल्या बघवणार नाही.” सरांनी कव्हर लिहिलं. सहाची यादी रस्ता ओलांडेपर्यंत नऊवर गेली.

दुकानदार मोठा प्रेमळ. त्याने सरांना स्टूल दिलं, चहा मागवला, आणि एक जाडजूड छापील पुस्तक समोर ठेवलं. त्यात वेल्डिंग मशीनचे दागिने होते. दुसरा शब्द नाही. पानापानांवर कड्या, साखळ्या, टोप्या.

“ही कडी बघा, सर. मशीनच्या डोक्यावर बसते. क्रेनने उचलायला.”

“पण आमच्याकडे क्रेन नाही.”

“कडी असली तर उद्या क्रेन आली तरी अडणार नाही. क्रेन आली आणि कडी नसली तर?”

सरांच्या डोळ्यांपुढे क्रेन आली, थांबली आणि मान खाली घालून परत गेली. त्यांनी कडी घेतली. मग एक रिमोट घेतला. त्याला तीस मीटर लांब वायर होती. वायर असलेला रिमोट म्हणजे दोरीने बांधलेला पतंगच, असं काहीसं सर म्हणाले. दुकानदाराने मनापासून दाद दिली आणि रिमोट पिशवीत टाकला. माणसाला दाद कुठे द्यायची हे त्याला बरोबर कळत होतं.

हेल्मेट निवडायला पाऊण तास गेला. प्रत्येक हेल्मेट घालून सर आरशात बघत आणि काळ्या काचेतून आरसाच दिसत नसे. शेवटी “कसं दिसतंय?” असं त्यांनी दुकानदारालाच विचारलं. “एकदम वेगळेच वाटता, सर,” तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

सगळं बांधून झाल्यावर दुकानदाराने यादीवरून पेन फिरवलं. शेवटच्या शब्दापाशी थांबला.

“सर, अर्थ आहे का तुमच्याकडे?”

सरांच्या मानेची शीर ताठ झाली. “तेहतीस वर्षं दुसरं काय केलं मी?”

“नाही, विचारलेलं बरं. पुष्कळ लोकांकडे नसतो. तसंच मशीन चालू करतात.”

“हल्ली नसतोच,” सर कळवळून म्हणाले. “सगळीकडे तेच. यंत्र चालू आहे आणि अर्थाचा पत्ता नाही.”

“मग लीडची वायर एकच देतो. तुमचा अर्थ जुना असला तर एकदा घासून घ्या.”

हे वाक्य सरांना इतकं आवडलं की त्यांनी घरी येऊन ते वहीत टिपून ठेवलं. एका हार्डवेअरच्या दुकानात इतका विचारी माणूस भेटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मंगळवार गेला ट्रॉलीत. ट्रॉलीला दोन चाकं, एक दांडा. मशीन तिच्यावर चढवायला पुन्हा चौघं. बुधवारी कॉलनीचे सचिव आले. मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “याची परवानगी?”

“चार जोड मारायचेत हो फक्त.”

“जोड तुमचे. आवाज कॉलनीचा.” त्यांनी फॉर्म काढला. “यंत्र स्थिर की चल?”

“ठेवलं की स्थिर, ओढलं की चल.”

“तसं व्याकरणात चालत असेल. इथे एकावर खूण करा. स्थिर असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. चल असेल तर वाहन धरतो. चाकं तर आहेतच. पार्किंगचा फॉर्म वेगळा. गाडीचा नंबर?”

“त्याला नंबर नाही.”

“बिननंबरची गाडी आत आणलीत?”

सरांनी बुधवार संध्याकाळपर्यंत चाकं काढून पाहिली. मग ते स्थिर झालं आणि सभा लागू पडली. सभा पुढच्या वर्षी. गुरुवारी चाकं परत लावली. शुक्रवारी अखेर परवानगी मिळाली: ‘चल यंत्र, शनिवार सकाळी आठ ते साडेदहा, त्यानंतर जागेवरून हलवणे बंधनकारक.’ सोबत दोन अटी: सायलेन्सरला ठिणग्या अडवणारी जाळी, आणि आग विझवायची लाल बाटली. सर पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने स्टूल पुढे केलं. आता तो सरांना घरचाच मानत होता.

शुक्रवारी वहिनींचा फोन. “झालं का?”

“सगळी तयारी झाली.”

“तयारी नाही विचारली. रेलिंग झालं का?”

“कठडा उद्या सकाळी.”

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “नसेल होत तर राहू दे. ताईने खोली लावून ठेवलीय. तुमच्या जिवाला त्रास नको.” आवाज असा मऊ होता की सरांना त्यात एकही चूक सापडली नाही. त्यानेच त्यांची झोप उडाली.

शनिवारी आठच्या ठोक्याला सर पायऱ्यांपाशी उभे राहिले. कोपरापर्यंत हातमोजे, गुडघ्यापर्यंत चामड्याचा एप्रन, डोक्यावर हेल्मेट. मशीन ट्रॉलीवर, वर कडी, बाजूला लाल बाटली, गळ्यात रिमोट. तिरका पाइप चारही खांबांच्या डोक्यावर टेकवून सुतळीने बांधला होता. त्याचं खालचं टोक खांबापुढे हातभर जात होतं, ते त्यांनी नेमकं ट्रॉलीच्या दांड्यावर टेकवलं. उंची अशी जमली की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. मीटरसाहेब खुर्ची घेऊन आले. काकू गॅलरीत.

सरांनी दोरी ओढली. इंजिन असं गरजलं की समोरच्या झाडावर एक पक्षी उरला नाही. सरांनी हेल्मेट खाली केलं आणि रॉड पाइपला टेकवला.

काही झालं नाही.

पुन्हा टेकवला. घासला. ठोकला. खडूने फळ्यावर टिंब द्यावं तसं टकटक केलं. ठिणगी म्हणून नाही.

“वीज वर चढतेय, वेळ लागतो,” मीटरसाहेब ओरडले.

“कव्हर काढलंत का?” काकू ओरडल्या.

नऊ वाजता सरांनी इंजिन बंद करून भाच्याला फोन लावला.

“मामा, अर्थ लावला का?”

“कशाचा?”

“कशाचा म्हणजे? कामाचा!”

“कामाचा अर्थ?” सर गोंधळले. “अरे, तुझ्या मामीला आधार मिळावा हाच या कामाचा अर्थ.”

मग भाचा, मोठ्या माणसाशी बोलताना आवाज दाबून बोलतात तसा, म्हणाला, “मामा, अर्थ म्हणजे दुसरी वायर. तिच्या टोकाला चिमटा असतो. तो ज्या लोखंडाला जोड मारायचा त्याला लावतात. एका वायरीतून करंट जातो, अर्थातून परत येतो. अर्थ लावल्याशिवाय काही होत नाही.”

तेहतीस वर्षं हेच वाक्य सर वर्गात सांगत आले होते. पायरीवर बसून त्यांनी यादी उलगडली. ‘अर्थ:’ त्यापुढची जागा कोरी होती. शब्दकोशातून त्यांनी सगळ्यांचे अर्थ काढले होते, फक्त अर्थाचा काढायचा राहिला होता.

दुकान अकराला उघडायचं. अकरालाच वहिनी सुटणार होत्या आणि साडूंची गाडी न्यायला येणार होती. चिमटा असलेला दुसरा माणूस एकच होता. सर उठले आणि एप्रन, हातमोजे, गळ्यातला रिमोट यांच्यासकट कोपऱ्यावर गेले. मागून तीस मीटर वायर रस्त्यावरून सरपटत होती.

वेल्डरने सरांना आपादमस्तक पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

“काय पाहिजे, सर?”

“अर्थ,” सर म्हणाले.

वेल्डरने हातातलं काम खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून शाळेची सगळी वर्षं उमटून गेली. “सर, तुमच्याकडे अर्थ नाही?”

“नाही.”

“दहावीला ‘अर्थ स्पष्ट करा’ला तुम्ही मला शून्य दिलं होतं.”

“तू उत्तरच लिहिलं नव्हतंस.”

“तुमच्यासारखंच झालं म्हणजे.” त्याने भिंतीवरचा वायरसकट चिमटा काढला, पण पुढे केला नाही. हनुवटीने बोर्ड दाखवला. लाल गोल दोन महिन्यांत फिका पडला होता, गेला नव्हता. “आधी सांगा. बोर्ड बरोबर की चूक?”

सरांनी बोर्ड वाचला. गेट, ग्रिल, जाळ्या मिळेल. तीन नामं, तीनही अनेकवचनी, आणि एकुलतं एक बिचारं एकवचनी क्रियापद. घड्याळात नऊ पस्तीस झाले होते. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस.

“बोलीत,” सर म्हणाले, “असा प्रयोग रूढ आहे.”

“म्हणजे बरोबर?”

“म्हणजे…” सरांनी बोर्डाकडे पाठ केली. “बरोबर.”

“मोठ्याने, सर. मागच्या बाकावर ऐकू येत नाही.”

“बरोबर!” सर ओरडले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं दचकली. वेल्डरने चिमटा त्यांच्या हातात दिला, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, “चला. मी नुसता बघायला येतो.”

पायऱ्यांपाशी त्याने चिमटा स्वतः लावून दिला आणि इंजिनाची दोरी ओढली. “आता हात घाबरू देऊ नका. रॉड टेकवायचा, किंचित उचलायचा, आणि पुढे न्यायचा.” सरांनी हेल्मेट खाली केलं. काळ्या काचेतून जग नाहीसं झालं. मग एक प्रचंड निळी-पांढरी ठिणगी पेटली आणि त्या ठिणगीत सरांना वितळणारं लोखंड दिसलं. दुसरं काही म्हणजे काहीही दिसलं नाही. आयुष्यात प्रथमच आपण काहीतरी जोडतो आहोत या आनंदात त्यांनी अख्खा रॉड संपवला. काचेपलीकडून वेल्डर काहीतरी ओरडत होता. ती शाबासकी असावी असं समजून त्यांनी दुसरा रॉडही संपवला.

हेल्मेट वर केलं तेव्हा वेल्डर डोक्याला हात लावून बसला होता.

“कसा झालाय?”

“जोड पक्का आहे, सर. आयुष्यात तुटणार नाही. तेच वाईट आहे.”

सरांनी वाकून बघितलं. पाइप खांबाला जोडला नव्हता. पाइपाचं टोक ट्रॉलीच्या दांड्याला जोडलं होतं, आणि ट्रॉलीवर मशीन होतं. चौघांना उचलता येणारं पोर्टेबल मशीन आता सरांच्या घराचा भाग झालं होतं.

“कापू?” वेल्डरने विचारलं.

“किती वेळ?”

“कापून, घासून, परत जोडून… बारा वाजतील.”

सरांनी रस्त्याकडे बघितलं. वेल्डरने सरांकडे बघितलं. मग रॉड धरायचा होल्डर त्यांच्या हातून घेतला आणि डोळे मिटल्यागत सहज, फटाफट चारही खांबांचे जोड मारले. यातला एकही जोड लाल गोल करण्यासारखा नव्हता.

दहा पस्तीसला सचिव आले. “यंत्र साडेदहाला हलवायचं होतं.”

“हलवून बघा,” वेल्डर म्हणाला.

सचिवांनी दांडा ओढला. पायऱ्यांसकट काही हललं नाही. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. कठड्याचं टोक असलेल्या वाहनाला रकानाच नव्हता. “सोमवारी बघू,” असं म्हणून ते गेले; त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी माघार असावी.

सव्वाअकराला गाडी आली. साडू उतरले, मागची डिकी उघडी करून दाखवली. “वहिनींची पिशवी, औषधं, उशी, सगळं आमच्याकडे न्यायच्या तयारीनेच आणलंय. इथे फक्त तुम्हाला दाखवायला थांबलोय. लिफ्टमध्ये मी खुर्ची पण ठेवलीय!”

वहिनी कुबडी टेकत उतरल्या. आठ दिवसांत त्या थोड्या लहान झाल्यासारख्या वाटत होत्या. त्यांनी कठडा पाहिला. मग कठड्याच्या टोकाला असलेलं पिवळं मशीन पाहिलं, त्याच्या डोक्यावरची कडी पाहिली. मग काजळी माखलेला नवरा पाहिला, ज्याच्या गळ्यात अजून रिमोट होता.

“हे कायमचं का?” त्यांनी विचारलं.

“सध्या तरी.”

“अहो, हे असलं धरून कुठे चढतात का?” साडू म्हणाले. “चला वहिनी, लिफ्ट—”

“भावजी, थांबा जरा,” वहिनी म्हणाल्या.

वेल्डरने ओल्या गोणपाटाने पाइप पुसून गार केला. वहिनींनी कुबडी साडूंच्या हातात दिली, ट्रॉलीच्या दांड्यापासून कठडा धरला आणि पहिली पायरी चढल्या. सर दुसऱ्या बाजूने पाइप दोन्ही हातांनी गच्च धरून त्यांच्या बरोबर एकेक पायरी वर सरकत होते. काकू गॅलरीतून वाकल्या. मीटरसाहेब खुर्चीवरून उठले. दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर वहिनी थांबल्या.

“अहो, रेलिंग हलतंय का?”

सरांनी ‘रेलिंग’ची चूकही काढली नाही.

“हलतंय. मला हाताला लागतंय.”

“कठडा नाही हलत,” सर खालमानेने म्हणाले. “मी हलतोय.”

वहिनींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग हात तसाच कठड्यावर ठेवून त्या चौथी पायरी चढल्या, उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मग ते सोडा आता आणि आत या. आणि भावजी, ती उशी गाडीतून काढा. माझी आहे.”